चेनचा मासा उलटा पोहतोय का?

बाइकच्या चेनची दोन टोकं जोडून ठेवणारी क्लिप जेमतेम नखाएवढी असते. ती नीट बसली असेल तर तिची आठवणही येत नाही, आणि निसटली तर गाडी जागची हलत नाही. पावसाळी राइडचे प्लॅन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिजायला लागले असतील, तर त्याआधी हिची ओळख करून घ्या.

इंजिन चालू आहे. पहिला गिअर पडलाय. क्लच सोडला, रेस दिली, इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडतंय, पण गाडी ढिम्म! मागे बसलेला म्हणतो, ‘‘क्लच गेला रे बहुतेक.’’ दुसऱ्या गाडीवरचा एक्स्पर्ट उतरून सांगतो, ‘‘गिअरबॉक्सच बसला असणार.’’ मग कुणीतरी खाली वाकून बघतं आणि कळतं, की चेनच जागेवर नाही. ती पन्नास फूट मागे रस्त्यावर सापासारखी पडलीय.

अशा वेळी चेन ‘तुटली’ असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्येक वेळी चेन तुटलेलीच असते असं नाही. बऱ्याचदा ती सुटलेली असते. तुटणं आणि सुटणं यात फरक आहे. तुटलेल्या चेनला खर्च येतो. सुटलेल्या चेनला लागतं ते एक छोटंसं लॉक, एक पक्कड आणि ते लॉक कुठल्या दिशेनं बसवायचं याची माहिती. पहिल्या दोन गोष्टी दुकानात मिळतात. तिसरी इथे वाचा.

‘लॉक’ म्हणजे नेमकं काय?

गॅरेजमध्ये याला ‘चेन लॉक’ म्हणतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये मास्टर लिंक किंवा कनेक्टिंग लिंक असं लिहिलेलं सापडेल. हे चावीचं कुलूप नव्हे, तर चेनमधली एक उघडता येणारी कडी.

चेन नीट निरखून बघितली तर तिच्यात दोन प्रकारच्या कड्या आलटून पालटून येतात. एक आतली कडी, जिच्यावर गोल फिरणारे रोलर असतात. दुसरी बाहेरची कडी, जिच्या पिना त्या रोलरच्या आतून जातात. ही रचना बरीच जुनी आहे. हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस इंजिनिअरनं १८८० मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर परिसरात बुश-रोलर चेन तयार केली. आज तुमच्या बाइकखाली फिरते ती चेन तत्त्वत: तीच आहे.

बाहेरच्या कड्यांच्या पिना कारखान्यातच ठोकून पक्क्या केलेल्या असतात. मग चेन गाडीवर चढवायची कशी? मागच्या चाकाला धरून ठेवणारा स्विंगआर्म बऱ्याच गाड्यांत चेनच्या वेढ्यामधून गेलेला असतो. चेन अखंड असेल तर तो स्विंगआर्मच खोलावा लागेल. म्हणून चेनची दोन टोकं मोकळी ठेवतात आणि एक बाहेरची कडी अशी देतात, जी हातानं बसवता-काढता येते. तेच हे लॉक.

त्याचे भाग तीन. पहिला, दोन पिना असलेली पट्टी. दुसरा, त्या पिनांवर समोरून बसणारी सुटी पट्टी. आणि तिसरा, सगळ्यात लहान पण सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे स्प्रिंगच्या पत्र्याची क्लिप. पिनांच्या टोकांना बारीक खाचा असतात. क्लिप त्या खाचांमध्ये सरकून बसते आणि सुट्या पट्टीला बाहेर येऊ देत नाही. लहानपणी सायकलची चेन कधी जोडली असेल, तर हीच क्लिप तुम्ही तिथेही बघितली असेल. साध्या, बिनगिअरच्या सायकलीला अगदी हेच लॉक असतं.

मिनिटाला दोनशे फेऱ्या

एवढीशी क्लिप किती काम करते, याचं गणित मांडून बघू. १८ इंची चाकाच्या नेहमीच्या १००-१२५ सीसी बाइकचा टायर एका फेरीत साधारण १.९ मीटर अंतर कापतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. म्हणजे चाकाच्या मिनिटाला सुमारे ५२५ फेऱ्या झाल्या. मागच्या स्प्रॉकेटला ४४ दाते आणि चेनमध्ये ११० कड्या धरल्या, तर अख्खी चेन मिनिटाला २१० वेळा फिरते. सेकंदाला साडेतीन फेऱ्या!

म्हणजे कॉलेज १० किलोमीटरवर असेल, तर एका बाजूच्या प्रवासातच क्लिप दोन हजारांहून जास्त वेळा पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटवरून वळते. वाटेत चिखल उडतो, खडी लागते, ढिली झालेली चेन कव्हरला घासते. आता एवढं सगळं होत असताना क्लिप उलटी बसलेली असेल तर?

मासा प्रवाहाबरोबर पोहतो

क्लिप हातात घेतली की ती माशासारखी दिसते. एक बाजू बंद आणि गोल, ते माशाचं तोंड. दुसऱ्या बाजूला दोन पाय उघडे, ती शेपूट. नियम एकच : चेन ज्या दिशेनं धावते, त्या दिशेला माशाचं तोंड हवं. शेपूट नेहमी मागे.

कारण समजून घेतलं की हा नियम पाठ करावा लागत नाही. क्लिप बसवताना आपण ती तोंडाकडून शेपटीकडे दाबतो. काढताना शेपटीकडून तोंडाकडे ढकलतो. आता चेन धावत असताना क्लिपला काहीही घासलं, खडा लागला, कव्हरचा पत्रा लागला, तर तो धक्का क्लिपला मागे ढकलतो. तोंड पुढे असेल तर हा धक्का क्लिपला आणखी घट्ट बसवतो. तोंड मागे असेल तर तोच धक्का क्लिप काढायचं काम करतो. रस्ताच पक्कड होतो म्हणा ना!

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. ‘तोंड पुढे’ म्हणजे गाडीच्या हेडलाइटकडे असा अर्थ लावला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. इंजिन चेनचा वरचा भाग स्वत:कडे ओढतं, म्हणजे वरची चेन मागून पुढे जाते आणि खालची पुढून मागे येते. त्यामुळे लॉक वरच्या बाजूला असेल तर तोंड इंजिनाकडे हवं, आणि लॉक खालच्या बाजूला असेल तर तोंड मागच्या चाकाकडे हवं. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला असेल, तर तोंड वर आकाशाकडे.

एवढं डोक्यात बसत नसेल तर सोपी युक्ती. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. मागचं चाक हातानं पुढच्या दिशेनं फिरवा आणि क्लिपकडे बघा. क्लिपचा जो भाग आधी पुढे जातोय तो बंद आणि गोल असेल, तर सगळं ठीक. उघडे पाय आधी जात असतील, तर मासा उलटा पोहतोय. आजच सरळ करून घ्या.

काढायचं कसं?

सुरुवातीलाच एक ताकीद. चेनचं कुठलंही काम इंजिन चालू ठेवून करायचं नाही. गाडी स्टँडवर लावून पहिला गिअर टाकायचा, चाक फिरत ठेवायचं आणि फडक्यानं चेन पुसायची, हा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो. फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये गेलं की त्यामागे बोटंही जातात. बोट वाचायला वेळच मिळत नाही. चावी काढून खिशात टाका, मग बसा.

आता काम. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा. सायलेन्सर गार होऊ द्या. चेनकव्हर असेल तर ते खोला. रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन चेन पुसून काढा, कारण ग्रीसच्या थरात लॉक दिसतच नाही. चाक हळूहळू फिरवत राहा. एक कडी बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसेल, तीच ती.

हे लॉक मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांवर आणा. इथे चेनची दोन्ही टोकं दात्यांमध्ये अडकून राहतात आणि लॉक निघालं तरी चेन एकदम खाली घरंगळत नाही. चेन खूप ताणलेली असेल, तर मागच्या अ‍ॅक्सलचा नट सैल करा आणि दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर थोडे ढिले करा. ढिले करताना किती आटे फिरवले ते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता हातात नोज प्लायर घ्या. त्याचा एक जबडा क्लिपच्या उघड्या पायांच्या टोकावर आणि दुसरा जवळच्या पिनेच्या आतल्या अंगाला टेकवा. हळूच दाबा. पाय पिनेवरून सुटतात आणि क्लिप तोंडाच्या दिशेनं सरकते. मग ती उचलून घ्या. सुटी पट्टी काढा आणि मागून पिनांची पट्टी ओढून घ्या. झालं.

स्क्रू ड्रायव्हर घालून क्लिप उचकटायचा मोह होतो. पण त्यानं क्लिपचे पाय फाकतात, आणि ती स्प्रिंग असल्यामुळे उडाली तर थेट डोळ्याकडे येऊ शकते. घरात गॉगल नसेल तर सरळ हेल्मेट घाला आणि काच खाली करा. शेजारचे हसतील, हसू द्या. खाली जुना पेपर पसरा, म्हणजे उडालेली क्लिप गटारात जाणार नाही.

चेन पूर्ण बदलायची असेल तर आणखी एक युक्ती. जुनी चेन ओढून बाहेर काढू नका. तिच्या एका टोकाला लॉक वापरून नवी चेन जोडा आणि जुनी हळूहळू ओढत राहा. नवी चेन तिच्या मागोमाग पुढच्या स्प्रॉकेटवरून फिरून बाहेर येते. इंजिनाजवळचं कव्हर खोलायची कटकट वाचते.

बसवायचं कसं?

पहिली गोष्ट, काढलेली क्लिप परत वापरू नका. एकदा सरकवलेल्या क्लिपची पकड आधीसारखी राहीलच असं नाही. नवं लॉक कॉलेज कॅन्टीनमधल्या एका नाश्त्याच्या पैशात येतं. तिथे काटकसर नको.

दुसरी गोष्ट, लॉक चेनच्याच मापाचं हवं. चेनच्या कड्यांवर नंबर कोरलेला असतो. आपल्याकडच्या बऱ्याच कम्युटर बाइकना ४२८ ची चेन असते. यातला पहिला आकडा म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, इंचाच्या आठव्या भागात. चार अष्टमांश म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांची ५२० असेल तर पाच अष्टमांश, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. उरलेले आकडे रुंदीचे. आणि नंबरापुढे ‘एच’ असेल तर ती हेवी चेन. तिच्या पट्ट्या जाड असतात, म्हणून पिनाही लांब लागतात. ४२८ एचच्या चेनला साधं ४२८ चं लॉक लावलं, तर खाच पट्टीच्या बाहेरच येत नाही आणि क्लिप नुसती टेकून राहते. दुकानात ‘स्प्लेंडरचं लॉक द्या’ म्हणण्यापेक्षा नंबर सांगा. शक्य असेल तर लॉक त्याच कंपनीचं घ्या.

आता चेनची दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटवर शेजारी-शेजारी बसवा. पिनांच्या पट्टीला थोडं ऑइल लावा आणि ती चाकाच्या बाजूनं आत घालून बाहेर काढा. अशी बसवली की क्लिप बाहेरच्या बाजूला येते आणि रोज दिसू शकते. सुटी पट्टी पिनांवर बसवा आणि दोन्ही खाचा पूर्ण दिसेपर्यंत दाबा. खाच अर्धीच दिसत असेल तर पुढे जाऊ नका.

मग मासा. तोंड चेनच्या धावायच्या दिशेला. क्लिप आधी पुढच्या पिनेच्या खाचेत सरकवा आणि पाय मागच्या पिनेला टेकवा. नोज प्लायरचा एक जबडा क्लिपच्या गोल तोंडावर, दुसरा मागच्या पिनेच्या मागच्या अंगाला. दाबा. ‘टक्’ असा आवाज येतो आणि पाय पिनेच्या खाचेत जाऊन बसतात. आवाजावर भागवू नका, डोळ्यांनी बघा. दोन्ही पाय खाचेत सारखे बसलेत ना? क्लिप पट्टीला सपाट टेकलीय ना? नखानं उचलून बघा. हलली, तर काढा आणि नवी घाला.

शेवटी चेनचा ताण. खालच्या चेनच्या मधोमध बोटानं वर-खाली करून बघा. बहुतेक कम्युटर गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर हालचाल लागते, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो, तोच खरा. ‘टाइट केली म्हणजे चांगली’ हा गैरसमज आहे. दोघं बसले की मागचे शॉकअप दबतात आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच टाइट असेल तर सगळा भार लॉक, बेअरिंग आणि स्प्रॉकेटवर येतो. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. मागच्या ब्रेकचं पेडल दाबून बघा, अ‍ॅक्सल नट घट्ट करा, आणि खोललेलं चेनकव्हर परत लावा. मागे बसणाऱ्या मैत्रिणीची ओढणी किंवा आईची साडी अडकू नये, म्हणून मागच्या चाकाला गार्ड असणं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानं सक्तीचं केलंय. चेनकव्हर ‘लूक’साठी काढून फिरवताना एवढं तरी आठवावं.

पहिली चक्कर हळू मारा. गल्लीत एक राउंड, मग परत क्लिप बघा. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पार्किंगमध्ये पुन्हा एकदा.

लॉक नवं, चेन म्हातारी

लॉक बदलल्यानं म्हातारी चेन तरुण होत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढा. दात्याचा अर्धा भाग उघडा पडत असेल, तर चेनचं आयुष्य संपलंय. दाते वाकून आकड्यासारखे टोकदार झाले असतील तरी तेच. अशा वेळी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेट बदलावा लागतो. नुसती चेन बदलली तर झिजलेले दाते नव्या चेनलाही लवकर खातात.

चेन जास्त दिवस टिकवायची असेल तर तिला तेल द्या. पावसात भिजून आल्यावर चेन पुसून तिच्या आतल्या बाजूला गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब सोडा आणि जादाचं पुसून टाका. गॅरेजमधलं काळं, जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून ओतू नका. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो चेनला आतून घासतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही चेनच्या कड्यांमध्ये रबरी रिंग असतात, त्यांना ओ-रिंग चेन म्हणतात. त्यांच्या लॉकलाही चार रिंग असतात, त्या विसरून चालत नाही, आणि पट्टी दाबायला अनेकदा खास टूल लागतं. जास्त ताकदीच्या काही गाड्यांना क्लिप नसतेच, पिना ठोकून पक्क्या केलेल्या असतात. तिथे हा प्रयोग घरी करू नका.

रस्त्यात सुटलीच तर?

चेन सुटताना आधी ‘टक् टक्’ किंवा खरखर आवाज येतो. तो ऐकू आला की थांबा. ‘पुढच्या टपरीपर्यंत जाऊ’ म्हणू नका. सुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली तर इंजिनाचं कव्हर फोडू शकते. मागच्या चाकात अडकली तर चाक जागच्या जागी जाम होतं. उतारावर, दोघं बसलेले असताना काय होईल, ते सांगायला नको.

गाडी ओढ घेत नाही असं जाणवलं की रेस सोडा, क्लच दाबा, हँडल सरळ ठेवा आणि ब्रेक हळूहळू लावत कडेला घ्या. चेन कुठे अडकलेली असेल तर जोर लावून ओढू नका. मोकळी पडली असेल तर ती उचला, वाकलेली कडी आहे का बघा, आणि बॅगेतलं लॉक काढा. तारेनं बांधून गाडी दामटवण्याचा जुगाड कुणी सुचवला, तर त्यालाच गाडी ढकलायला सांगा.

बॅगेत हे हवंच

- आपल्या चेनच्या नंबराची दोन लॉक, क्लिपसकट. छोट्या प्लास्टिक पिशवीत, थोडं ऑइल लावून
- नोज प्लायर
- मागच्या अ‍ॅक्सल नटाच्या मापाचा पाना
- जुनं फडकं आणि एकदा वापरायचे हातमोजे
- मोबाइलमध्ये दोन फोटो : चेनवरच्या नंबराचा आणि नीट बसलेल्या क्लिपचा

गॅरेजमध्ये विचारा

हे सगळं स्वत: करायचं नसेल तरी हरकत नाही. पण गाडी ताब्यात घेताना हे प्रश्न विचारा : दादा, क्लिप नवी टाकली का? लॉक कुठल्या नंबरचं? चेनचा प्ले किती ठेवला? आणि चाक एकदा फिरवून दाखवता का? काम नीट करणारा मेकॅनिक या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो. चाक फिरत असताना नजर क्लिपवर ठेवा. गोल तोंड आधी गेलं पाहिजे.